वीस टक्के: नाशिकच्या एका पंक बँडच्या कामाच्या नोंदी

१५ जून, शनिवार

आजपासून नोंदी ठेवायच्या ठरवल्या, कारण गेल्या दोन वर्षांत आपण नेमकं काय केलं ते आमच्यापैकी कुणालाच धड आठवत नाही, कुठलं गाणं किती टेम्पोवर होतं ते पण नाही. काम असं आहे की पाच गाणी रेकॉर्ड करायची, मराठीत, स्वतःच्या पैशात, स्वतःच्या हाताने, आणि डिसेंबरपर्यंत लोकांसमोर वाजवायची. नावं लिहीत नाही, प्रत्येकाचं घर आहे, नोकरी आहे. ड्रमर व्हीएमसी ऑपरेटर, म्हणजे कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं मशीन चालवतो, आणि मूळचा ताशावाला, अजूनही गणपतीत पथकात वाजवतो. बेसवाला पिंपळगावचा, घरी द्राक्षबाग. गाणारी सिडकोत राहते, शाळेत शिकवते. मी गिटार वाजवतो आणि शब्द लिहितो, पोटासाठी शालिमारजवळ एका छापखान्यात लग्नपत्रिका छापतो.

जागा म्हणजे अंबडला ड्रमरच्या मामाची शेड. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, शनिवारी काम बंद, तेवढा वेळ आपला. आज फक्त लेथच्या मागची जागा झाडली, लोखंडाचा बुरा इतका होता की मॅग्नेट फिरवून गोळा केला, नाहीतर स्पीकरच्या चुंबकाला चिकटून आवाज फाटतो. ड्रम लावले. वाजवलं काही नाही.

२२ जून

हम. अख्खा दिवस हम. गिटार लावली की ऍम्पमधून घुंsss असा आवाज, स्ट्रिंगला हात लावला की कमी, सोडला की परत. बेसवाला म्हणाला केबल बदल, बदलली. पिकअप बदलून पाहिला, प्लग उलटा लावून पाहिला, काहीच नाही. शेवटी मामा आले, त्यांनी काही न बोलता शेडच्या मागे नेलं आणि अर्थिंगचा खड्डा दाखवला. उन्हाळ्यात पार कोरडा पडलेला, त्यातलं मीठ-कोळसा भेगाळलेलं. दोन बादल्या पाणी ओतलं, पाच किलो खडेमीठ टाकलं, क्लॅम्प पॉलिश पेपरने घासून परत आवळला. आत येऊन ऍम्प चालू केला तर हम इतका खाली गेलेला की छतावरच्या कावळ्यांच्या पायांचा आवाज ऐकू आला. पूर्ण गेला नाही. पण जेवढा उरलाय तो राहू दे, शेडचाच आवाज आहे तो.

६ जुलै

भाषेबद्दल लिहून ठेवतो, कारण आज बेसवाल्याच्या एका मित्राने परत विचारलं की पंक, म्हणजे वेगवान, ओरडून गायचं रॉक, मराठीत कसं काय.

पहिलं वर्षभर आम्ही इंग्रजीत वाजवलं. मग एका कॉलेजच्या कार्यक्रमाला गाणारीची आई आली होती, शेवटपर्यंत बसली, बाहेर आल्यावर म्हणाली, छान ओरडलीस गं, पण म्हणत काय होतीस? ती अगदी मनापासून विचारत होती. गाणं तिच्याच नाईट ड्युटीवर होतं. त्या दिवसापासून इंग्रजी बंद.

आणि खरं सांगायचं तर मराठी या संगीताला जास्त बसते. आपलं क्रियापद शेवटी येतं. पंकची ओळ छोटी, चार ठोक्यांची, जोर शेवटच्या ठोक्यावर, आणि आपल्या वाक्याचा जोर पण तिथेच. "आम्ही इथेच थांबणार." थांबणारवर काठी पडते. गाणारीला "ळ" ओरडायला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणते जीभ मागे वळली की आवाज छातीतून येतो. जोडाक्षरं मात्र त्रास देतात, दोनशेच्या टेम्पोवर, म्हणजे मिनिटाला दोनशे ठोक्यांवर, "स्वातंत्र्य" म्हणून बघा.

झील हा शब्द पण आपल्याकडे आधीपासून आहे. पोवाड्यात शाहीर गातो आणि मागचे झीलकरी ओळ उचलतात. पंकमध्ये सगळ्यांनी मिळून ओरडायची ओळ असते ना, ती म्हणजे झीलच की. आम्ही आपापसात तेच म्हणतो, "इथे झील धरा." लोकशाहीर वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा, आणि गावोगाव, वस्त्यावस्त्यांत जाऊन गायले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला याच शहरात सुरू झाला, पाच वर्षं चालला, आणि त्या काळात आंबेडकरी जलसे रात्र रात्र चालायचे. हे सगळं माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर घडलंय. न्यूयॉर्कच्या रॅमोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम १९७६ चा, तीन कॉर्ड आणि दोन-दोन मिनिटांची गाणी. मला ते पण आपलं वाटतं आणि जलसा पण आपला वाटतो, दोन्हीकडे साधन कमी आणि सांगायची घाई जास्त.

२० जुलै

पाऊस. पत्र्यावर इतका पडतोय की मायकात ड्रम कमी आणि पत्रा जास्त. रेकॉर्डिंग ऑक्टोबरपर्यंत होणार नाही हे मान्य केलं. तोवर गाणी पक्की करायची.

४ ऑगस्ट

प्रॅक्टिस नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदाकाठची दुकानं खाली करतायत. आम्ही तिघं सराफ बाजारात एका ओळखीच्या दुकानाचा माल वर चढवायला गेलो. अख्खं शहर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून अंदाज बांधत होतं, आज कमरेपर्यंत, आज छातीपर्यंत.

१७ ऑगस्ट

पाचवं गाणं आलं. हे नीट लिहितो.

ड्रमरचे वडील, आम्ही काका म्हणतो, पूर्वी ताशा वाजवायचे. नाशिकच्या ढोल-ताशाचं नाव बाहेर लांबवर आहे, पण काकांच्या काळात त्यात पैसा नव्हता, मिरवणूक संपली की परत कंपनीत. बऱ्याच वर्षांपूर्वी ते एका कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर होते, ठेकेदाराकडून. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये, साच्यात, राहूच शकत नाही. तिथे एका बटणावर टेप मारून ते कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण, प्रॉडक्शन जास्त निघतं. काकांची उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची दोन. हजेरी पुस्तकात नाव नव्हतं. दवाखान्याचं बिल दिलं, वरून थोडी रोकड दिली, आणि विषय संपला.

हे आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला परवा कळलं. छापखान्यात एका वकिलांचं काम होतं, त्यांच्या टेबलावर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचं पुस्तक होतं, मागे परिशिष्टात एक तक्ता आहे. कुठला अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं. एका हाताची चार बोटं, पन्नास टक्के. तीन बोटं, तीस. दोन बोटं, वीस. मी तिथे उभा राहून ती ओळ चार वेळा वाचली. काकांना तर हे वीस टक्के पण मिळाले नाहीत, पण मिळाले असते तरी ताशा त्या तक्त्यात कुठे आहे?

घरी येऊन एका बैठकीत लिहिलं. झील आहे "वीस टक्के", चार अक्षरं, चार ठोके. पहिली ओळ "वीस टनाचा प्रेस", म्हणजे वीसने सुरू, वीसने शेवट. मला ते फार बरोबर वाटलं, वर वीस आणि खाली वीस, मध्ये माणूस.

ड्रमरला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, टेम्पो दोनशे ठेव. का विचारलं तर म्हणाला, लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा मोजायचो, प्रेस मिनिटाला पन्नास स्ट्रोक मारायचा. चार ठोक्यांचा एक बार, दोनशेचा टेम्पो, म्हणजे दर बारला एक स्ट्रोक. प्रत्येक बारच्या एकवर, पहिल्या ठोक्यावर, मी फ्लोअर टॉमचा मोठा ड्रम आणि क्रॅशची झांज एकदम मारतो, तो प्रेस.

वाजवून पाहिलं. अंगावर काटा आला.

काकांना सांगायचं का यावर वाद झाला. ड्रमर म्हणाला आत्ता नको.

१८ सप्टेंबर

गणपती संपले. ड्रमर दहा दिवस पथकात होता, काल विसर्जनाला मी त्याच्याबरोबर चाललो, वाकडी बारव ते मेन रोड. काका कडेला उभे होते. मी त्यांच्याकडेच बघत होतो, त्यांचा डावा हात मांडीवर ताशाची काडी चालवत होता, अख्खी मिरवणूक, आणि उजवा खिशात.

१२ ऑक्टोबर, दसरा

शेडमध्ये मशीनची पूजा. लेथला झेंडूचे हार, ड्रिलला आंब्याचा टाळा, मामांनी आमचा ड्रमसेट आणि ऍम्प पण पूजेत घ्यायला लावला, म्हणाले इथे चालतं ते सगळं हत्यार. काका आले होते. त्यांनी प्रत्येक मशीनला हळद-कुंकू लावलं. कुंकू अनामिकेने लावतात, ते बोट त्यांचं शाबूत आहे, त्यामुळे नुसतं बघणाऱ्याला काही कळलंही नसतं. स्नेअर ड्रमपाशी येऊन थांबले, कुंकू लावलं, मग त्याच बोटाने कातड्यावर अगदी हळू दोनदा टकटक केलं आणि ड्रमरला म्हणाले, "ढिला आहे रे, ओढ." आम्ही नंतर ओढला. खरंच ढिला होता.

१९ ऑक्टोबर

ड्रम रेकॉर्ड झाले, चार गाण्यांचे. आवाज कॉम्प्युटरात घेणाऱ्या आमच्या इंटरफेसला दोनच इनपुट आहेत म्हणून उसना मिक्सर आणून चार मायकं त्यात घेतली, किक, स्नेअर, दोन वर, आणि तिथेच मिसळून दोन ट्रॅकवर उतरवली. म्हणजे नंतर स्नेअर कमी वाटला तरी वाढवता येणार नाही, जे आज ठरलं तेच कायम. त्याची भीती होती पण फायदा झाला, सगळे कान देऊन ऐकत होते. क्लिक, म्हणजे कानात ठोके मोजून देणारा आवाज, लावला नाही, फक्त "वीस टक्के"ला लावला, कारण मशीन दमत नाही.

"वीस टक्के" सातव्या टेकला झालं. सहाव्यात काडी तुटली.

२६ ऑक्टोबर

गिग रद्द. एका कॅफेत डिसेंबरची तारीख मिळाली होती, त्यांनी गाण्यांचे शब्द मागितले, पाठवले, दोन दिवसांनी फोन आला की बाकी सगळं चालेल, ते कंपनीवालं गाणं तेवढं सोडा, आमच्याकडे कंपन्यांच्या पार्ट्या होतात. माणूस चांगला होता, आवाजात अवघडलेपण होतं. आम्ही नको म्हणालो.

मग रात्री शेडच्या पायरीवर बसून चौघांनी शेवटी ते बोलून घेतलं जे दोन वर्षं टाळत होतो, की आपण हे कशासाठी करतोय. बेसवाला म्हणाला, माझ्या बापाचा भाव बाजार समितीत दुसरा कुणी ठरवतो, बागेवर पाऊस कधी पडेल ते पण आपल्या हातात नाही, इथे आठवड्यातले चार तास मी ठरवतो. गाणारी म्हणाली, दिवसभर मी मुलांना हळू बोला सांगते. ड्रमर काही बोलला नाही.

माझं म्हणणं मी इथे लिहितो. आपल्या शहरात सगळ्याची जाहिरात आहे, वाईनची आहे, कुंभाची आहे, नवीन फ्लॅटची आहे. त्या बटणावरच्या टेपची नोंद कुठेच नाही, हजेरी पुस्तकात नाही, पेपरात नाही. गाण्यात ती राहू शकते. आणि गाणं ज्याच्यावर आहे त्याच्या कानावर गेलं पाहिजे, नाहीतर ते फक्त आपण त्याच्याकडून घेतलेलं आहे, परत दिलेलं नाही.

मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडने १९७७ मध्ये घरच्यांकडून, मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेऊन स्वतःची रेकॉर्ड स्वतःच्या लेबलवर काढली, पहिल्या हजार प्रती. वॉशिंग्टनचे फुगाझी वर्षानुवर्षं पाच डॉलर तिकीट ठेवून वाजवायचे आणि दारात वय विचारायचे नाहीत. हे मी ड्रमरला सांगत होतो तेव्हा तो म्हणाला, मग शेडमध्येच करू ना. आणि पप्पांना बोलवू.

ठरलं. १४ डिसेंबर, शेड, संध्याकाळी सात. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम आहे, आपण साडेनऊला संपवायचं, शेजारच्या शेडमध्ये वॉचमन झोपतो.

९ नोव्हेंबर

आवाज आणि झील. गाणारीचा घसा शाळेमुळे आधीच बसलेला, दोन गाणी झाली, उरलेली पुढच्या आठवड्यात. झीलसाठी मामा, त्यांचे दोन कामगार आणि चहावाला असे सगळे एका मायकाभोवती गोल उभे केले. चहावाल्याचा आवाज सगळ्यात मोठा, त्याला तीन पावलं मागे पाठवलं. पहिल्यांदा सगळे लाजत होते, "वीस टक्के" असं पत्ता सांगितल्यासारखं म्हणत होते. मग मामांच्या एका कामगाराने विचारलं, हे वीस टक्के काय आहे? सांगितलं. त्याने स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं, करंगळीचं टोक नव्हतं, हे मला आजपर्यंत दिसलंच नव्हतं. पुढचा टेक तोच ठेवलाय.

२३ नोव्हेंबर

कव्हर छापले, शंभर. बेसवाल्याने पिंपळगावच्या बॉक्सवाल्याकडून द्राक्षाच्या पेट्यांचा पुठ्ठा आणला, कापून उरलेले तुकडे, फुकट. छापखान्याच्या मालकांनी रविवारी चावी दिली.

फ्रेमच्या जाळीवर अंधारात इमल्शन ओढलं, पंख्याखाली वाळवलं, वर फिल्म ठेवून काच दाबली आणि गच्चीवर उन्हात धरलं, मग नळाखाली धुतलं तसं चित्र उमटत गेलं. चित्र काकांच्या हाताचं नाही, मी ते मुद्दाम टाळलं. चित्रात बटण आहे, गोल, त्यावर टेपचे दोन पट्टे, फुलीसारखे. लग्नपत्रिकेचा उरलेला लाल रंग. स्क्वीजी, म्हणजे रबरी पट्टी, ओढली की पुठ्ठा शाई पितो आणि आतल्या नाळ्यांच्या रेषा वर उमटतात, प्रत्येक कव्हर वेगळं निघालं. पहिले बारा-तेरा फिके आले, मग हाताचा दाब समजला. आत गाण्यांचे शब्द आणि क्यूआर कोड. किंमत छापली नाही, जमेल ते द्या.

१४ डिसेंबर

वाजवलं. साठेक लोक होते, अर्धे शेजारच्या शेडमधले, थंडी कडक म्हणून लोक कानटोप्या घालून उभे. लेथवर मुलं बसलेली. वायरिंग तापेल म्हणून फक्त दोन बल्ब.

काका मागे ड्रिल मशीनला टेकून उभे होते. काकू पण होत्या. चार गाणी झाली, मग गाणारी म्हणाली, पुढचं गाणं इथल्या एका माणसाचं आहे, नाव सांगत नाही. ड्रमरने काड्यांवर चार मोजले.

मला वाजवताना समोरचं काही दिसत नव्हतं, दर बारला मागून प्रेस पडत होता आणि मी मानेत तो घेत होतो. झीलच्या वेळी सगळी शेड ओरडली, दुसऱ्या झीलपर्यंत मुलांनी पण उचलली. दोन मिनिटं दहा सेकंद. संपलं तेव्हा क्रॅशची गुणगुण संपेपर्यंत कुणी हाललं नाही.

नंतर लोक कव्हर घेत होते, पैसे डब्यात टाकत होते, तेव्हा काका पुढे आले. ड्रमर स्टुलावरून उठलाच नाही, काड्या हातात तशाच. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "शब्द तू लिहिलेत?" मी हो म्हणालो, घसा कोरडा पडला होता. ते म्हणाले, "वीस टनाचा नव्हता तो. पन्नास टनाचा होता. वीस टनाचा असता तर हाड राहिलं असतं थोडं." मग मुलाला म्हणाले, "स्ट्रोक मात्र बरोबर धरलास." आणि काकूंना घेऊन गेले. जाताना एक कव्हर घेतलं, डब्यात शंभराची नोट टाकली. मी नको नको म्हणत होतो, ऐकलं नाही.

१५ डिसेंबर

झोप नाही. वीस आणि वीस. ते जुळत होतं म्हणून मी विचारलंच नाही, घरात विचारायला माणूस असताना. बेसवाला म्हणतो कुणाला काय फरक पडतो, गाणं आहे, रेकॉर्ड झालंय, कव्हर छापून झालेत. फरक पडतो. ज्या गोष्टीची नोंद कुठेच नाही तिची एकच नोंद आपण करतोय आणि ती चुकीची?

अपलोड केलेलं "वीस टक्के" काढून टाकलं. बाकी चार गाणी तशीच ठेवली.

२१ डिसेंबर

परत रेकॉर्ड केलं. अडचण ही की "वीस टनाचा प्रेस" सात अक्षरांत बसतं आणि "पन्नास टनाचा प्रेस"ला एक अक्षर जास्त लागतं, गाणारी दर वेळी एकच्या मागे पडत होती. तासभर ओढाताण झाली, "पन्नास टनी" करून पाहिलं, ऐकायला खोटं वाटलं. मग ड्रमर म्हणाला, "पन्" आधीच्या बारात घे, शेवटच्या स्नेअरवर, आणि "नास" प्रेसखाली येऊ दे.

तसं केलं. "पन्" सुटा पडतो, अर्ध्या श्वासाएवढी जागा राहते आणि मग "नास"वर सगळं खाली येतं. तिसऱ्या टेकला झालं.

काका बाहेर पायरीवर बसले होते, आज स्वतःहून आले होते. हेडफोन दिला, शेवटपर्यंत ऐकलं, काढून ठेवला. म्हणाले, "आता बरोबर." मग आत जाऊन स्नेअरची चावी मागितली.

उद्या गाण्यांच्या शब्दांचे शंभर कागद परत छापायचे आहेत. रंग पुरेल, कागद कमी पडेल.